यंत्र बंद पडलं की खाडा कुणाला लागतो?

'सायबर सुरक्षा' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी फोनच्या कॉलर ट्यूनमध्ये ऐकला असेल. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, मोहात पडू नका. ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्याच्यासाठी हा उपदेश ठीकच आहे. टीव्हीवर विषय निघाला तर चर्चा चीनची होते, बँकांची होते, शेअर बाजाराची होते. पहाटे साडेपाचला झाडू घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या बाईचा या विषयाशी काही संबंध असेल, असं त्या चर्चेत कुणालाच वाटत नाही. आज मात्र अनेक शहरांत तिच्या मनगटावर जीपीएसचं घड्याळ आहे. तिची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या अ‍ॅपवर लागते, तिचं रेशन अंगठ्याच्या मशीनवर निघतं आणि तिच्या झोपडीबाहेर लागलेला विजेचा मीटर दूरच्या सर्व्हरशी बोलतो. इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांनी तिचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत वेढलेला आहे. त्या यंत्रांपैकी एकही तिने मागितलेलं नव्हतं, आणि त्यातलं कुठलंही बंद पडलं तरी भरपाई तिलाच करावी लागते.

माझा मुद्दा एवढाच आहे. आपल्या देशात सायबर सुरक्षेचा विचार व्यवस्थेला माणसापासून वाचवण्यासाठी होतो, माणसाला व्यवस्थेपासून वाचवण्यासाठी होत नाही. जातीच्या उतरंडीत जो सगळ्यात खाली आहे, त्याच्या वाट्याला यंत्राची नजर सगळ्यात आधी येते आणि यंत्राच्या बिघाडाची झळही सगळ्यात आधी लागते. म्हणून हा विषय इंजिनिअरांवर सोडून चालणार नाही. तो जातीअंताच्या चळवळीचा विषय आहे.

मी हे जबलपूरमधून लिहिते आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हे शहर आणि नागपूर एकाच राज्यात होतं. इथल्या संरक्षण कारखान्यांत आणि रेल्वेत कामाला आलेली विदर्भातली अनेक कुटुंबं इथेच राहिली. माझ्या आजोबांचं कुटुंबही त्यातलंच. सफाई काम आणि जात हा माझ्या पीएचडीचा विषय. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने 'स्मार्ट सिटी'साठी पहिली 20 शहरं निवडली, त्यात पुणे आणि सोलापूरसोबत जबलपूरही होतं. त्यानंतर इथे चौकाचौकांत कॅमेरे आले, नियंत्रण कक्ष आला, आणि कचरागाडी आली की नाही हे कळावं म्हणून घरांच्या दारांवर आरएफआयडीचे टॅग लागले. शहर स्मार्ट झालं की नाही, यावर वाद घालता येईल. शहराची घाण उचलणारी माणसं कुठल्या जातींची आहेत, हे मात्र बदललं नाही.

याचा आकडा सरकारकडेच आहे. गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या कामगारांची केंद्राच्या 'नमस्ते' योजनेखाली नोंदणी सुरू आहे. 2024 मध्ये बाहेर आलेल्या माहितीनुसार नोंदलेल्या सुमारे 38 हजार कामगारांपैकी जवळपास 69 टक्के अनुसूचित जातींचे होते. आदिवासी आणि ओबीसी धरले की हा आकडा 92 टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे सफाई कामगारांवर नजर ठेवणारं यंत्र कागदावर 'कर्मचारी व्यवस्थापना'चं असलं तरी प्रत्यक्षात ते मुख्यतः दलितांच्या शरीरावर बांधलेलं असतं. महापालिकेच्या मुख्य इमारतीत बसणाऱ्या इंजिनिअरच्या मनगटावर असं घड्याळ बांधायचा ठराव कुठल्या सभागृहात आल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना नागपूरचं उदाहरण माहीत असेल. तिथे महापालिकेने हजारो सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळं दिली. कामगार ठरलेल्या हद्दीत किती वेळ होता, हे त्यावरून मोजायचं आणि त्यावर पगार काढायचा. चंदीगड आणि पंचकुलातही अशी घड्याळं आली आणि तिथे कामगारांनी आंदोलनं केली. त्यांच्या तक्रारी साध्या होत्या. बॅटरी संपते, ठिकाण चुकीचं दाखवतं, पगार कापला जातो. आणि बायकांचा प्रश्न त्याहून वेगळा होता: हे घड्याळ आपल्याला बघतं का, ऐकतं का, संडासात जाताना ते काढायचं की नाही? या प्रश्नाचं खात्रीलायक उत्तर देणारं कुणी त्यांच्यासमोर उभं नव्हतं.

असं घड्याळ नेमकं कसं चालतं, हे समजून घेतलं तर तक्रारींमागचं कारण कळतं. घड्याळ उपग्रहांकडून आपलं ठिकाण ओळखतं. आतल्या सिमकार्डातून ते ठिकाण मोबाइलच्या टॉवरकडे जातं. तिथून कंपनीच्या सर्व्हरवर, सर्व्हरवरून कार्यालयातल्या पडद्यावर, आणि पडद्यावरून पगाराच्या तक्त्यात. ही पाच-सहा कड्यांची साखळी आहे. दाट वस्तीच्या गल्लीत, उंच इमारतींच्या मध्ये उपग्रहाचा माग चुकतो आणि माणूस दोन गल्ल्या पलीकडे दिसतो. टॉवरला रेंज नसली की नोंद अडकते. सिमचा रिचार्ज ठेकेदाराने भरला नाही की घड्याळ मुकं होतं. सर्व्हर बंद असला की सगळ्यांचीच नोंद जाते. यातली एकही कडी कामगाराच्या हातात नाही. तरीही कुठलीही कडी तुटली तर हजेरी कामगाराचीच बुडते.

महाकोशलातल्या एका शहरात, ज्याचं नाव मी सांगत नाही कारण तिथली माणसं आजही तिथेच कामाला जातात, मी अनेक महिने पहाटेच्या हजेरीला उभी राहिले आहे. तिथे घड्याळ नव्हतं, चेहरा टिपणारं अ‍ॅप होतं. पहाटे अंधार असतो, थंडीत तोंडावर मफलर असतो, चेहऱ्यावर वयाच्या आणि उन्हाच्या रेषा असतात. अ‍ॅप चेहरा 'जुळत नाही' म्हणतं. मुकादम फोन हलवतो, कामगाराला दिव्याखाली उभं करतो, पुन्हा प्रयत्न करतो. कधी तिसऱ्यांदा जुळतं, कधी जुळतच नाही. वेळेची खिडकी बंद झाली की खाडा. कामगार मात्र झाडू घेऊन हद्दीत जातोच, कारण रस्ता घाण दिसला तर वेगळा दंड आहे. काम झालं, घाम गाळला आणि कागदावर माणूस गैरहजर. तक्रार करायची तर स्वतःची रोजी बुडवून कार्यालयात जायचं. तिथला बाबू म्हणतो, 'सिस्टीममध्ये दिसत नाही.' ही चार अक्षरं आता आमच्या वस्त्यांमध्ये जुन्या 'वर्दी नाही, आत येऊ नको'सारखी ऐकू येतात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. जुन्या मस्टरच्या काळात काय सुख होतं? मुकादम टक्केवारी खायचा, मर्जीतल्या माणसाची हजेरी घरबसल्या लागायची, मेलेल्या माणसांची नावं हजेरीपटावर जिवंत असायची. यंत्र आलं म्हणजे ही मनमानी गेली, असं अधिकारीही सांगतात आणि आपल्यातली काही शिकलेली मुलंही म्हणतात. मस्टरची चोरी मी नाकारत नाही. पण यंत्र आल्यावर मुकादम गेला का? फोन त्याच्याच हातात आहे. कुणाचा चेहरा दुसऱ्यांदा टिपायचा आणि कुणाला 'वेळ संपली' म्हणायचं, हे अजूनही तोच ठरवतो. फरक इतकाच की पूर्वी त्याच्याशी भांडता यायचं, चार माणसं गोळा करता यायची, युनियनचा माणूस मस्टरवर बोट ठेवून विचारू शकायचा. आता मुकादम म्हणतो की माझ्या हातात काही नाही, कार्यालय म्हणतं की कंपनीला विचारा, आणि कंपनी दुसऱ्या राज्यात आहे.

आता सुरक्षेकडे वळू. इंटरनेटला जोडलेली स्वस्त यंत्रं किती सहज फोडता येतात, हे जगाने 2016 मध्येच पाहिलं. 'मिराई' नावाच्या एका प्रोग्रामने कॅमेरे आणि रेकॉर्डर अशी लाखो घरगुती यंत्रं ताब्यात घेतली आणि 21 ऑक्टोबर 2016 रोजी त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. त्यासाठी फार अक्कल लागली नव्हती. कारखान्यातून येताना यंत्रांवर जे पासवर्ड असतात, त्यांची साठेक जोड्यांची यादी त्या प्रोग्राममध्ये होती. कुणी ते बदललेच नव्हते. आपल्याकडे फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीची कॅमेऱ्यातली चित्रणं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. पोलीस तपासात देशभरातल्या कॅमेऱ्यांतली हजारो चित्रणं सापडली, आणि तिथेही 'अ‍ॅडमिन123' असे कारखान्याचे पासवर्ड तसेच ठेवलेले होते. बाईच्या देहाची राखण करायला लावलेला कॅमेराच तिचा देह बाजारात घेऊन गेला.

घड्याळांबाबत तर युरोपात वेगळा निवाडा झालेला आहे. ऑक्टोबर 2017 मध्ये नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने लहान मुलांसाठीची जीपीएस घड्याळं तपासली. अनोळखी माणूस दूरून घड्याळाचा ताबा घेऊ शकतो, मूल कुठे आहे ते बघू शकतो, असं त्यात आढळलं. पुढच्याच महिन्यात जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने दूरून आजूबाजूचा आवाज ऐकवणाऱ्या मुलांच्या घड्याळांच्या विक्रीवर बंदी घातली आणि पालकांना ती नष्ट करायला सांगितलं. नागपूरची किंवा चंदीगडची घड्याळं त्याच बनावटीची होती, असा माझा दावा नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. तिथे मुलांच्या मनगटावर काय बांधलंय, हे तपासून बघावं असं कुणाला तरी वाटलं. आपल्याकडे हजारो दलित स्त्री-पुरुषांच्या मनगटावर तशाच जातीचं यंत्र बांधताना कुणी स्वतंत्र तपासणी करून तिचा अहवाल कामगारांच्या भाषेत त्यांच्यासमोर ठेवला का?

ठिकाणाची नोंद ही किरकोळ गोष्ट नाही. एखादी बाई रोज किती वाजता घरातून निघते, कुठल्या गल्लीत एकटी असते, कुठे बसून चहा पिते, संध्याकाळी कुठल्या वस्तीत परतते, हे सगळं त्यात असतं. ती युनियनच्या सभेला गेली का, मोर्चात होती का, हेही असतं. सवर्ण वस्तीत पहाटे एकटीने काम करणाऱ्या दलित बाईसाठी ही माहिती चुकीच्या हातात पडणं म्हणजे काय, हे समजायला कुठलीही पदवी लागत नाही. आणि निविदा सर्वांत कमी दराला जाते, कंपनी दोन-तीन वर्षांनी बदलते. जुन्या कंपनीच्या सर्व्हरवर पडलेल्या त्या नोंदींचं पुढे काय होतं, हे कामगाराला कुणी सांगत नाही.

इंग्रजीत ज्याला 'रिझिलिअन्स' म्हणतात, त्याला आपण साध्या भाषेत तग म्हणू. यंत्र बंद पडलं, कुणी ते फोडलं, वीज गेली, तरी काम चालू राहणं म्हणजे तग. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे 1.3 टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असं सरकारने पुढे संसदेत सांगितलं. रुग्णालय बंद पडलं नाही, कारण डॉक्टर, नर्स आणि कारकून कागद-पेनावर आले. केसपेपर हाताने लिहिले गेले, तपासण्यांचे अहवाल हाताने पोचवले गेले. कित्येक दिवस देशातलं एक मोठं सरकारी रुग्णालय कागदावर चाललं. त्या काळात आलेल्या पेशंटला कुणी म्हटलं नाही की सर्व्हरवर तुझं नाव दिसत नाही, म्हणजे तू आजारी नाहीस.

हाच न्याय खालच्या माणसाला का नाही? रोजगार हमीच्या कामावर 1 जानेवारी 2023 पासून सगळीकडे मोबाइल अ‍ॅपवर दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. रेंज नसलेल्या डोंगरातही सक्ती तीच. मजूर दिल्लीत जंतरमंतरवर महिनोन् महिने बसले, ते यासाठी. त्याआधी सप्टेंबर 2017 मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात 11 वर्षांची एक दलित मुलगी गेली. आधार जोडलेलं नव्हतं म्हणून रेशनकार्ड रद्द झालं होतं, घरात अन्न नव्हतं, असं तिच्या आईने सांगितलं. प्रशासनाने मृत्यूचं कारण मलेरिया असल्याचं म्हटलं. मृत्यूच्या कारणावर सरकारने वाद घातला, पण कार्ड यादीतून उडालं होतं त्या काळात त्या घराला धान्य कुठल्या दुसऱ्या वाटेने मिळणार होतं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. एम्ससाठी कागद हा तग धरण्याचा उपाय ठरतो. सफाई कामगारासाठी, मजुरासाठी, रेशनच्या रांगेतल्या बाईसाठी तोच कागद 'भ्रष्टाचाराची वाट' ठरतो. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला दुसरी वाट मिळते, आणि आपल्या समाजात विश्वास कुणावर ठेवायचा हे जात ठरवत आली आहे.

जबलपूरसाठी या विषयाचा आणखी एक पदर आहे. मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ असली तरी विजेची राजधानी जबलपूर आहे. राज्याची वीजनिर्मिती कंपनी, पारेषण कंपनी आणि विजेचा भार सांभाळणारं केंद्र या सगळ्यांची मुख्यालयं इथे आहेत. इथे आता घरोघर स्मार्ट मीटर बसू लागले आहेत. केंद्राच्या 2021 च्या योजनेत देशभरात असे 25 कोटी मीटर बसवण्याचं लक्ष्य ठेवलं गेलं. या मीटरमध्ये वीज मोजण्याखेरीज आणखी एक सोय असते: दूर बसून एका आदेशावर घराची वीज तोडता येते. आज बिल महिन्याच्या शेवटी येत असलं तरी त्याच मीटरला उद्या प्रीपेड करता येतं. मग बाकी संपली की वायरमन येत नाही, दार वाजत नाही, फक्त अंधार होतो.

केंब्रिज विद्यापीठातले सुरक्षातज्ज्ञ रॉस अँडरसन आणि त्यांचे सहकारी शैलेंद्र फुलोरिया यांनी 2010 मध्येच एका निबंधात विचारलं होतं की या मीटरमधल्या बंद करण्याच्या बटणाचा ताबा कुणाकडे असेल. लाखो घरांचं बटण एका जागी आलं की हल्लेखोराला एकच जागा फोडावी लागते, ही त्यांची भीती होती. हल्लेखोराची वाट बघावी लागली नाही. 12 ऑगस्ट 2020 रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, लखनौसह उत्तर प्रदेशात स्मार्ट मीटर असलेल्या दीड लाखाहून अधिक घरांची वीज यंत्रणेतल्या एका चुकीच्या आदेशाने गेली. बिल भरलेल्यांचीही गेली. अशा वेळी इन्व्हर्टर असलेल्या घरात पंखा चालू राहतो. पत्र्याच्या खोलीत, जिथे पाणीही मोटर लावूनच चढतं, तिथे विजेबरोबर पाणीही जातं. महाराष्ट्रात लोकांनी विरोध केला तेव्हा जून 2024 मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांना जाहीर करावं लागलं की सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही. विरोध केला की सरकार ऐकतं, हा त्यातला धडा आहे.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रम सदस्य होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. विजेच्या धोरणावर 1943 मध्ये बैठका घेताना त्यांचा आग्रह होता की वीज मुबलक आणि स्वस्त हवी, कारण तिच्याशिवाय या देशातल्या गरिबाची दारिद्र्यातून सुटका नाही. ते यंत्राच्या विरोधात कधीच नव्हते, मीही नाही. यंत्र कुणाच्या मालकीचं आणि कुणाच्या भल्यासाठी, हा प्रश्न त्यांनी विचारला. स्मार्ट मीटरला, घड्याळाला, चेहऱ्याच्या अ‍ॅपला तोच प्रश्न विचारायचा आहे.

यंत्रातल्या नोंदीबाबत आणखी एक सावधगिरी आपल्या चळवळीने तरी विसरू नये. नोंद यंत्रात आहे म्हणून ती खरीच असते, असं नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने 2021 मध्ये अहवाल दिला की रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये त्यांच्या नकळत दूरून फाइली टाकल्या गेल्या. पुढे नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबाबतही तिने तसंच म्हटलं. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. ज्या काळात एखाद्याच्या संगणकातल्या फाइलींवर त्याचं स्वातंत्र्य अवलंबून असतं आणि त्या फाइलींबद्दलच शंका घेतली जाते, त्या काळात सर्व्हरवरची हजेरी हा शेवटचा शब्द कसा मानायचा? कोर्टात उभं राहायला वकील आणि तज्ज्ञ तरी मिळतात. खाडा लागलेल्या कामगाराला कुठला तज्ज्ञ मिळणार?

कायदा काय म्हणतो तेही बघू. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 मध्ये जो मसुदा दिला, त्यात 'जात किंवा जमात' ही संवेदनशील माहिती धरली होती. 2019 च्या विधेयकातही ती होती. 2023 मध्ये प्रत्यक्षात आलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा हा वेगळा वर्गच राहिला नाही. म्हणजे मिठाईच्या दुकानात दिलेला फोन नंबर आणि हजेरीच्या अ‍ॅपमध्ये नोंदलेली जात, कायद्याच्या नजरेत एकाच पंगतीत. त्याच कायद्याच्या कलम 7 मध्ये नोकरीच्या कारणासाठी मालकाला कामगाराच्या संमतीविना त्याची माहिती वापरता येते, आणि कलम 17 सरकारला मोठ्या सवलती देतं. माहिती फुटली तर बाधित माणसाला कळवलं पाहिजे, अशी तरतूद त्यात आहे, ती चांगलीच आहे. पण नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे 18 महिन्यांची मुदत आहे. दुसरीकडे, सायबर हल्ला झाल्यावर 6 तासांत सरकारी यंत्रणेला कळवण्याची सक्ती एप्रिल 2022 च्या आदेशानेच झाली होती. सरकारला 6 तासांत कळलं पाहिजे, कामगाराने मात्र वाट बघावी.

मग करायचं काय? घड्याळं फोडून टाका, असं मी म्हणणार नाही, कारण उद्या त्यांच्या जागी दुसरं काही येईल. मागण्या नेमक्या हव्यात. हजेरीचं यंत्र असेल तिथे कागदी मस्टरही असावं, त्याला यंत्राइतकीच किंमत असावी आणि त्याची रोजची प्रत कामगारांच्या प्रतिनिधीला मिळावी. यंत्र, नेटवर्क किंवा सर्व्हर बंद असेल त्या दिवशी कामावर आलेला प्रत्येक जण हजर धरला जावा, गैरहजेरी सिद्ध करायची जबाबदारी मालकाची असावी. यंत्राचं भाडं, तूटफूट, रिचार्ज यातला एक पैसाही पगारातून कापला जाऊ नये. माइक आणि कॅमेरा असलेलं काहीही अंगावर बांधायला लावू नये. काम संपलं की नोंद थांबावी, पगार निघाला की ठिकाणाची माहिती पुसली जावी. स्वतंत्र सुरक्षा तपासणीशिवाय खरेदी होऊ नये, आणि तिचा अहवाल हिंदीत, मराठीत, कामगाराला कळेल अशा भाषेत हजेरीच्या जागी लागावा. वीज दूरून तोडण्याआधी लेखी सूचना आणि माणसाशी बोलण्याची सोय हवी.

यातलं बरंचसं काम आपल्यालाही करता येण्यासारखं आहे. आपल्या वस्त्यांमधली कितीतरी मुलं आज कंप्युटर सायन्स शिकून बाहेर पडतात. आंबेडकर जयंतीला आपण मोफत वह्या वाटतो, रक्तदान शिबिर घेतो. त्याच मंडपात एक टेबल टाकून सफाई कामगारांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि अ‍ॅपची हजेरी ताडून बघता येईल. कुठल्या दिवशी सर्व्हर बंद होता, कुणाला खाडा लागला, हे साध्या वहीत लिहून ठेवता येईल. माहिती अधिकारात निविदेची प्रत मागता येईल. अशी वही तीन महिने भरली तर युनियनच्या हातात असा पुरावा येतो, ज्यापुढे 'सिस्टीममध्ये दिसत नाही' हे उत्तर टिकत नाही.

तग धरणं आपल्या लोकांना कुणी शिकवायची गरज नाही. रेशनचं मशीन बंद असलं की शेजारीण दोन वाट्या तांदूळ देते, पगार कापला की उसनवारीवर महिना निघतो. सरकारी अहवालात योजना 'सुरळीत' दिसते, ती या उसन्या तांदळाच्या जोरावर. व्यवस्थेच्या बिघाडाचा खर्च पिढ्यान् पिढ्या आपल्याच घरांनी उचलायचा, हा जुनाच हिशेब नव्या यंत्रात घातला गेला आहे. तुमच्या शहरात पुढचं हजेरीचं अ‍ॅप, पुढचं घड्याळ, पुढचा मीटर येईल तेव्हा नगरसेवकाला, आयुक्ताला, कंपनीच्या माणसाला भर सभेत एवढंच विचारा: हे बंद पडेल त्या दिवशी कुठली वही उघडणार, आणि ती वही कुणाच्या हातात असेल? याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत ते यंत्र कुणाच्याही मनगटावर चढू देऊ नका.